स्वैपाक्याचा खांदा

वडगावच्या तालमीतनं आम्ही सहाजण निघालो,
अंगाला तांबड्या मातीचा वास,
इराण्णाच्या केसांत मागावरचं सूत,
आणि पुढं भरमाण्णा वस्ताद,
ज्यांनी देवाधर्माच्या सिनेमाशिवाय
दुसरा सिनेमा पाहिलेला नव्हता.

पोस्टरवर बर्फ, एक सराय,
मोडकी छत्री घेतलेला लंगडा हवालदार.
खालची अक्षरं पानावरच्या अळीच्या वाटेसारखी.
त्यातलं एकही आमच्या कुणाच्या बापाचं नव्हतं,
म्हणून त्या पाटीवरनं बेळगावात भांडण झालं नाही.

थेटरातल्या पडद्याला कोपऱ्यात ठिगळ होतं.
बर्फ तिथं आलं की पिवळं व्हायचं.

पहिल्याच रिळात सरायचा मालक मेला.
दार आतून बंद. छपरावर कोवळं बर्फ, पाऊल एक नाही.
मानेवर तीन बोटांचे निळे ठसे,
चिमटीत मीठ धरताना बोटं येतात
तेवढे जवळ जवळ.
पाहुणे सात. सातही म्हणतात,
आम्हाला मारामारीतलं ओ की ठो कळत नाही.
म्हणजे खाली इंग्रजीत तसं असावं;
वाचेपर्यंत ओळ पळून जायची.
इराण्णा दर पाच मिनिटाला माझी मांडी हलवायचा:
'कोंदवनु यारु?'
मारणारा कोण, मला तरी कुठं ठाऊक.

पण तो हवालदार!
कुणाला काही विचारतच नाही.
जाता जाता कुणाच्या कोपराशी पेला पाडतो,
कुणाच्या पायाशी अंडं सोडतो,
आणि बघत राहतो.
तोंड खोटं बोलेल, हात कसा बोलेल?
विधवा बाईनं अंडं पावलावर झेललं
आणि मग स्वतःच घाबरली.
साऱ्या थेटरानं शिट्टी मारली.

तबेल्यातली मारामारी मला अजून पाठ आहे.
एकच कंदील. ज्याच्या हातात कंदील तो दिसतो,
म्हणून दोघंही तो दुसऱ्याच्या हातात द्यायला बघतात.
संगीत नाही. नुसता गवताचा आवाज,
घोड्याचं फुरफुरणं.
अंधारात वस्ताद पुटपुटत होते,
'ढाक… निकाल… आता एकचाक मारंल बघ'
आणि त्या परमुलखातल्या माणसानं
एकचाकच मारली.

इंटरव्हलला चहा घेताना ते म्हणाले,
'त्यो स्वैपाकी.'
आम्ही हसलो. स्वैपाकी म्हणजे जाड्या,
हसवायला ठेवलेला,
पळताना सारखा पडणारा.
'पडतोय, पण खांदा हालतोय काय त्याचा?
सगळी तोंडं बघतायसा. खांदा बघा की रे.'

शेवटी तोच निघाला.
जाड्यानं एप्रन सोडलं, घडी घालून ठेवलं,
आणि अर्धा मिनिट थेटरात कुणी खोकलं नाही.

परवा लाईट गेलेली, माग बंद,
मोबाईलवर तो सिनेमा सापडला.
कुठं ठिगळ नाही, बर्फ सगळीकडं पांढरं.
पहिल्याच प्रसंगात स्वैपाकी सूप घेऊन
जिना चढतो, वीसेक पायऱ्या,
आणि वाडग्यातली वाफ सरळ वर जाते.
एवढीसुद्धा हलत नाही.
आमच्या डोळ्यांसमोरनं गेली होती ती.

मी मोबाईल उलटा ठेवला.
मला चहा आठवला.
वस्ताद बशीत ओतून प्यायचे, जन्मभर.
त्या दिवशी कप दोन्ही हातांनी धरलेला,
छातीशी, शालीच्या आत,
आणि वाफ वेडीवाकडी.
मी त्यांना स्वैपाक्याबद्दल विचारत होतो.
पुढच्या संक्रांतीला ते आखाड्यात उतरले नाहीत.
त्यापुढच्या संक्रांतीला…

इराण्णाला फोन लावला, हुबळीला.
तो म्हणाला, शेवटच्या रिळाला मला झोप लागली होती बा,
रात्रपाळी करून आलतो,
तुम्हा लोकांना सांगायला लाज वाटली.
तीस वर्षं झाली. कोंदवनु यारु?

मी सांगितलं नाही.
म्हटलं, रविवारी ये. बघू.
खांदं बघायचं तेवढं ध्यानात ठेव.